मधली जागा

सरांच्या घरावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान जायचं. घाटकोपरची ती टेकडीकडची बाजू म्हणजे विमानांची उतरायची वाट. इतकी खाली येतात की पोटाखालची चाकं बाहेर आलेली दिसतात. विमान आलं की सर बोलता बोलता थांबायचे. वाक्य कुठवर आलंय याची फिकीर नाही. “तुझा हा जो हिरवा...” आणि गप्प. डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. आवाज अंधेरीच्या दिशेने विरून गेला की “...रंग आहे, तो कुणाला विचारून लावलास?” असं पुढचं उचलायचे. मधल्या वेळात ऐकणाऱ्याने बोलायचं नाही, हलायचं नाही. नवीन माणसाला वाटायचं, यांना झोप लागली. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना सवय होती, आम्हीही डोळे मिटायचो. त्या घरात मी जेवढी शांत बसले तेवढी कुठल्या देवळातही बसलेले नाही.

सर आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी पोर्शन पुरा करायला मागून घ्यायचा तास, अशी आमच्या शाळेची समजूत होती. सर कधी नाही म्हणाले नाहीत. “न्या, न्या,” म्हणायचे आणि मागच्या बाकावर बसून गणिताच्या बाईंचं चित्र काढायचे, त्या फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना, पाठमोरं. समोरून कधीच नाही. समोरून माणूस सावध असतो, म्हणायचे.

त्यांची बघण्याची एक रीत होती. चित्र हातात घेऊन ते कधी बघायचे नाहीत. बाक भिंतीला सरकवून सगळ्यांचे कागद फरशीवर मांडायला लावायचे, मग चपला काढून त्या कागदांमधल्या वाटांनी फिरायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे पेपर तपासायला ते जायचे. तिथे म्हणे मोठ्या हॉलमध्ये कागद असेच जमिनीवर मांडलेले असतात आणि परीक्षक त्यांच्यातून चालतात. “हातात घेतलं की माणूस दयाळू होतो,” सर सांगायचे. “जमिनीवर चित्र एकटं असतं. त्याचं त्यालाच उभं राहावं लागतं.”

मी सातवीत असताना सराव परीक्षेत स्मरणचित्राला विषय होता, बागेतला फुगेवाला. मी फुगेवाला काढला आणि त्याच्याभोवती सात मुलं. सगळ्यांची तोंडं समोर, सगळ्यांचे दात दिसतायत. सर माझ्या कागदापाशी थांबले. “ही सगळी तुझ्याकडे बघून का हसतायत? फुगेवाला तिकडे आहे.” वर्ग हसला. मी म्हटलं, सर, मला बाजूने चेहरे काढता येत नाहीत. “मग तसं सांगावं. पोरांना खोटं हसायला कशाला लावायचं.” मार्क दिले नाहीत. ते सराव परीक्षेत मार्क कधी द्यायचेच नाहीत, कागदाच्या मागे पेन्सिलीने ‘पुन्हा बघ’ एवढंच लिहायचे. चांगलं असलं तरी तेच, वाईट असलं तरी तेच. घरी आई विचारायची, म्हणजे पास का नापास?

शाळा सुटल्यावर काही वर्षं मी सरांच्या घरी जायचे, मग ते जाणं थांबलं. सातवीतल्या त्या चित्रानंतर पस्तीसेक वर्षांनी मी पुन्हा सरांकडे गेले ती माझी वेबसाइट घेऊन.

झालं असं, की मी बावीस वर्षं ज्या कंपनीत काम केलं तिने अंधेरीचं ऑफिस बंद केलं आणि मी मुलुंडला घरी बसले. बसून कंटाळा आला म्हणून आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका आजींना घर आवरायला मदत केली. बिल्डिंग पाडून नवी होणार होती, चाळीस वर्षांचा संसार महिन्याभरात हलवायचा होता आणि मुलगा परदेशात. रोज दुपारी आम्ही दोघी एकेक कपाट उघडायचो. काय ठेवायचं, काय कुणाला द्यायचं, काय टाकायचं. मग त्यांच्या बहिणीने बोलावलं. आपल्याकडे आता जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगी पाडायला निघाल्यात. मला वाटलं, हेच काम करावं. कार्ड छापलं. कुणीतरी म्हणालं, वेबसाइट पाहिजे, त्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत. व्यवसायाचं नाव मी इथे सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल.

वेबसाइट माझी मीच बनवली. व्हिडिओ बघून बघून, नेटवर मिळणारा एक तयार साचा घेऊन, महिनाभर खपून. घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, मनापासून सांगा कशी वाटली. पाच मिनिटांत चौदा अंगठे आले. मामेबहिणीने ‘झकास’ लिहिलं. माझा मोठा भाऊ, दादा, त्याने ‘लोगो मोठा कर’ लिहिलं. त्याला काहीही दाखवा, तो मोठं कर म्हणतो. नवरा पेपरमधून डोकं न काढता “छान आहे” म्हणाला. साइट किती जणांनी उघडली हे मला मागच्या बाजूने दिसायचं. संध्याकाळी बघितलं तर आकडा होता दोन. त्यातली एक मी.

आणि माझ्याकडे वेळ कमी होता. ऐरोलीच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी चालून आली होती. तिथली सुपरवायझर माझी मैत्रीण. ती म्हणाली, “हे बघ, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत थांबते. नंतर दुसरी बाई घेईन, राग मानू नकोस यार.” मी मनाशी ठरवलं, तोवर वेबसाइट बघून एका तरी अनोळखी माणसाचा फोन आला तर हे काम करायचं, नाही आला तर गुपचूप ऐरोली. खरं सांगायचं तर मला ऐरोलीला जायचं नव्हतं. पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात, कुणाच्या तरी फायली लावत साठीपर्यंत बसायचं नव्हतं. पाच आठवडे हातात होते आणि फोन काही वाजत नव्हता. मला खरं बोलणारं माणूस हवं होतं. असं एकच आठवलं.

दार काकूंनी उघडलं. काकू मालवणकडच्या. इतकी वर्षं घाटकोपरात काढून बोलणं बरंचसं मुंबईचं झालेलं, पण ‘गो’ काही सुटला नव्हता. “ये गो, बस,” म्हणाल्या, मी कोण हे न विचारताच. सरांकडे जुने विद्यार्थी सतत यायचे. कुणी लग्नाच्या पत्रिकेचा नमुना घेऊन, कुणी दुकानाच्या पाटीचा, कुणी हातावर गोंदवायच्या नक्षीचा. सर सगळं जमिनीवर ठेवायला लावायचे. एकीने केकचा धंदा सुरू केला होता, ती तीन मजली केक घेऊन आली तर तोही सरांनी फरशीवर ठेवायला सांगितला. त्या वेळी मात्र काकू चिडल्या होत्या. अन्न असं पायदळी ठेवतात का, म्हणून त्यांनी केकखाली पाट सरकवला. सर म्हणाले, पाटामुळे उंची बिघडली.

सर खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते, पण कानामागे कोळशाची कांडी तशीच. मान एका बाजूला वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं तिरकं बघत म्हणाले, “आधी काहीतरी बोल. मग ओळखतो.” ही त्यांची नवी लकब होती, सगळ्यांशी असंच करायचे. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “सात पोरं. दात.” मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

मी लॅपटॉप उघडला तर त्यांनी हात आडवा केला. “उजेडाचं चित्र मी बघत नाही. कागदावर आण.” दुसऱ्या दिवशी मी वेबसाइटची सगळी पानं मोठ्या कागदांवर छापून घेऊन गेले आणि त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर मांडली. काकू दिवाणावर पाय वर घेऊन मटार सोलत बसल्या. सर अनवाणी फिरायला लागले. दुपारची तीनची वेळ. पडद्यातून येणारं ऊन हिरवट व्हायचं. मधेच विमानाची सावली त्या कागदांवरून सरकून जायची आणि आम्ही तिघंही थांबायचो, काकूंच्या हातातली मटारची शेंगसुद्धा.

“सर, जरा वाचून बघा ना,” मी म्हटलं.

“मी वाचत नाही, बघतो. वाचायला लागलं की बघणं संपतं.”

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते डायरीत लिहून ठेवलं.

ते पहिल्या पानापाशी थांबले. तिथे साच्यातच आलेला एक फोटो होता, सोफ्यावर बसलेलं गोरंगोमटं कुटुंब, हसणारं. “हा डाव्या टोकाचा माणूस कोण?”

“असेच मिळतात सर ते फोटो. फॉरेनचे आहेत.”

“तुझ्या नात्यातला?”

“नाही.”

“मग तुझ्याकडे बघून का हसतोय?”

मी घरी गेल्या गेल्या ते कुटुंब काढून टाकलं. मग पुढचं. वरच्या पट्टीत मी सात शब्द लिहिले होते, ज्यांच्यावर दाबलं की वेगवेगळी पानं उघडायची. सर म्हणाले, “माणसाला घरात घ्यायच्या आधी सात प्रश्न विचारतेस?” सातचे तीन केले. “हा कोपऱ्यातला फोन नंबर एवढा घाबरून का बसलाय?” नंबर मोठा केला. “कडेला श्वास घ्यायला जागा नाही. सगळं भिंतीला टेकून उभं केलंयस, शिक्षा केल्यासारखं.” कडेला जागा सोडली. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते बोलत असताना मला माझी वेबसाइट पहिल्यांदा दिसत होती.

जाताना म्हणाले, “आता उचल सगळं. परवा ये.”

परवा गेले तर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे कोळशाने चित्र काढून ठेवलं होतं. माझ्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचं स्मरणचित्र. वरची पट्टी होती, उजवीकडचा कपाटाचा फोटो होता, कोपऱ्यात तो नंबर अंग चोरून बसलेला. हुबेहूब. आणि मधे काही नाही. नुसता पांढरा कागद.

“मधे?” मी विचारलं.

“जेवढं दिसलं तेवढं काढलं,” सर म्हणाले आणि चहा मागितला.

मी ते पान गुंडाळून घरी आणलं. मधे मी काय लिहिलं होतं ते बघितलं. लिहिलं होतं, ‘आमचे ध्येय : ग्राहकांचे समाधान हेच आमचे समाधान.’ मला शरम वाटली. सरांनी मधली जागा मुद्दाम कोरी ठेवून मला सांगितलं होतं की इथे तू काहीच म्हटलेलं नाहीस. किती सभ्यपणे सांगितलं, असं मला वाटलं. मी ध्येय काढलं आणि तिथे माझा फोटो लावला. एकटीचा चांगला फोटो नव्हता, म्हणून चुलतबहिणीच्या लग्नातला कापून घेतला. पैठणी, नथ, आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात.

पुन्हा छापलं, पुन्हा फरशीवर मांडलं. दोन दिवसांनी पुन्हा कॅलेंडरचं पान. कडा छान, नंबर आता ताठ बसलेला. मधे काही नाही.

बरोबर आहे, मी म्हटलं. नथ घालून कोण घर आवरतं. फोटो काढला आणि तिथे मी काय काय करते त्याची यादी दिली, समोर बरोबरच्या खुणा करून. कपाटं, माळा, कागदपत्रं, देव्हारा. आठवड्याने तिसरं चित्र आलं. मधे काही नाही.

एव्हाना ती मधली जागा माझ्या डोक्यात राहायला आली होती. परतताना बसमध्ये डुलकी लागली की मला एक खोली दिसायची. भिंतीला सगळं सामान लावलेलं, कपाटं, टेबल, घड्याळ, आणि मधे कोरी फरशी, उन्हाने तापलेली. त्या फरशीवर उभं राहायला मला भीती वाटायची. जाग यायची तेव्हा बस विक्रोळी सोडून पुढे आलेली असायची आणि मला कितीतरी वेळ कळायचं नाही की ही कुणाची खोली. मग एका दुपारी भाजी निवडताना कळलं. ती आईची होती.

मी सुरी खाली ठेवली आणि लिहायला बसले. लिहायचं असं ठरवलं नव्हतं. सात-आठ ओळी झाल्या. त्या मधे टाकल्या, वाचल्यासुद्धा नाहीत पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी छापून सरांच्या फरशीवर मांडून आले. महिनाअखेरीला तेव्हा अकरा दिवस राहिले होते. ऐरोलीहून मैत्रिणीचा मेसेज आला होता, ‘काय ठरवलंस?’ मी उत्तर दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी चौथं चित्र घ्यायला गेले तेव्हा काकू मासळी आणायला बाहेर पडत होत्या. “तुझीच वाट बघतहत,” म्हणून त्या जिना उतरल्या. सरांनी चित्र पुढे केलं. डाव्या कडेची जागा, उजवीकडचं कपाट, खाली नंबर. मधे पांढरं.

मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेली बाई, पण सातवीतल्या पोरीसारखी रडले. “सर, हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. आणि तुमच्या लक्षात त्यातली एक ओळसुद्धा राहिली नाही?”

सर काही बोलणार तेवढ्यात विमान आलं. त्यांनी डोळे मिटले. मी पहिल्यांदाच मिटले नाहीत, त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. विमान गेलं, पार लांब गेलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“मला मधलं दिसत नाही गं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“डोळ्यांचं दुखणं आहे. कडेचं दिसतं. जिथे नेमकं बघावं तिथे धुरकट डाग. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड जातं, कान राहतात. म्हणून मान वाकडी करून बघतो. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, कमी होणार नाही, वाढलं तर वाढेल.”

“मग तुम्ही वाचत नाही ते...”

“वाचता येत नाही म्हणून वाचत नाही.”

मला आधी राग आला. हे मी लपवणार नाही. तीन आठवडे मी एका आजाराचं समाधान करत बसले होते. माझी ध्येयं, माझी नथ, माझ्या याद्या, सगळं मी त्या डागात टाकत होते आणि डाग काही भरत नव्हता. मी म्हटलं, “सर, मला वाटलं तुम्हाला म्हणायचंय की मधे काही अर्थच नाही.”

“मला वाटलं तू कडेचंच बघशील,” ते म्हणाले. “मधे तू काय काय भरत होतीस?”

मी सांगितलं. नथीच्या फोटोवर आणि खांद्यावरच्या अर्ध्या हातावर ते इतके हसले की ठसका लागला, मला उठून पाणी द्यावं लागलं. मग भांडं खाली ठेवून म्हणाले, “आणि आता काय आहे? वाच.”

मी फरशीवर बसले, पिशवीतून तो कागद काढला आणि वाचलं.

‘माझी आई गेली तेव्हा तिचं घर आम्ही भावंडांनी दोन दिवसांत रिकामं केलं. बिल्डरने तारीख दिली होती आणि आम्ही दमलो होतो. माळ्यावर शेवटी एक बोचकं निघालं. जुन्या चादरीचं, चार गाठी मारलेलं. गाठी सुटेनात. मी म्हटलं, असू दे, आणि न उघडता ते देऊन टाकलं. त्यात काय होतं हे मला अजून माहीत नाही. बहुतेक काही नसेल. पण आई उगाच चार गाठी मारायची नाही. तुमच्या घरात मी आले तर प्रत्येक बोचकं उघडेन. वेळ लागला तर लागू दे.’

सरांनी कागद चाचपून स्वतःकडे ओढला. एक विमान येऊन गेलं. मग म्हणाले, “मला दिसत असतं तर पहिल्याच दिवशी ‘ठीक आहे’ म्हणालो असतो. त्या ध्येयालासुद्धा.”

“तुम्ही नसता म्हणालात.”

“म्हणालो असतो. म्हातारपणी माणूस दयाळू होतो. हातात न घेतासुद्धा.” आणि मग आवाज खाली आणून, दाराकडे कान देऊन म्हणाले, “हे हिला सांगू नकोस. कुणालाच नको. बाहेर कळलं की यांना आता दिसत नाही, तर मग कोण कशाला काही दाखवायला आणेल?”

मी नाही सांगितलं कुणाला. माझा राग जिना उतरेपर्यंतच टिकला. खाली काकू भेटल्या, हातात मासळीची पिशवी. “झालं काम?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यांच्या नजरेला नजर न देता निघाले. सरांवर माझी माया होती हे मला त्या दिवशी कळलं. शाळेत तर आम्ही त्यांना घाबरायचो.

त्यानंतर सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी, म्हणजे महिना संपायला दोन दिवस उरले असताना, सकाळी पोळ्या करत होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. बोरिवलीहून एक बाई बोलत होत्या. निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या, बिल्डिंग पाडायला निघालेली. भाचीने त्यांना वेबसाइट उघडून दिली होती. आवाज अगदी कोरडा, वॉर्डात बोलावं तसा.

“ते बोचक्याचं तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो.”

“माझ्याकडे अकरा आहेत,” त्या म्हणाल्या. “कधी येता?”

तव्यावरची पोळी करपली. मी त्यांना सोमवारी येते म्हणून सांगितलं, मग ऐरोलीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मैत्रीण म्हणाली, “एका फोनवर नोकरी सोडतेस? वेडी आहेस का गं?” असेन. मी करपलेली पोळी बाजूला काढली आणि दुसरी लाटायला घेतली.

अकराच्या अकरा बोचकी आम्ही उघडली, तीन आठवडे लागले. कशात काय निघालं ते त्या बाईंचं आहे, मी सांगत नाही. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन सरांकडे गेले. नेमकी जेवायची वेळ. काकूंनी सोडलंच नाही. “बांगडो आणलाय. जेवल्याशिवाय कशी जातंस?”

आम्ही दोघं पाटावर बसलो आणि काकूंनी ताटं वाढून आणली. माझ्या ताटात मधोमध भाताची मूद, तिच्यावर आमटी, डाव्या बाजूला लोणचं, उजवीकडे अख्खा तळलेला बांगडा. नेहमीचं ताट. मी पहिला घास घेतला आणि सहज सरांच्या ताटाकडे बघितलं.

त्यांच्या ताटात भात डाव्या कडेला होता, काठाला लावून. आमटी वाटीत, वाटी उजव्या कडेला. बांगड्याचे काटे आतच काढून, नुसता मऊ मासा वरच्या काठाशी. लोणच्याची फोडसुद्धा काठावर. पाण्याचा पेला ताटापासून हातभर लांब, डावीकडे. मधे स्टीलचं ताट रिकामं चकाकत होतं. सरांनी मान तिरकी केली आणि न चाचपता, न अडखळता भातात हात घातला.

मी वर बघितलं. काकू वाढायची पळी हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी एकदा सरांच्या ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी हलकेच, दिसेल न दिसेल अशी, नकारार्थी मान हलवली.

“बघितलंस?” सर घास चावत मला म्हणाले. “दोन वर्षं झाली, हिची मांडणी पार बिघडलीय. सगळं कडेला ढकलते. आधी कसं सुरेख वाढायची. मी सांगून सांगून थकलो.”

“माका नाय आता जमणा,” काकू म्हणाल्या, आणि वाकून त्यांच्या भाताच्या कडेला, अगदी काठाशी, आणखी थोडी आमटी वाढली.